काकूंनी काढलेला आवाज

दुकान पुढे, घर मागे, मधे एक पडदा आणि फोन नेमका पडद्याखाली, एका उंच स्टुलावर. त्यामुळे फोन दुकानाचा की घराचा, हा वाद त्या नवराबायकोत लग्नापासून चालू होता. वाजला की उचलायच्या मात्र काकूच. काकांनी उचलला तर गिऱ्हाईक तुटलंच म्हणून समजा. "मशीन फार आवाज करतंय हो," असं कुणी म्हटलं की काका विचारायचे, "मग काय त्यानं मौन धरावं असं म्हणणं आहे तुमचं?" आणि पलीकडचा माणूस मुकाट्यानं दुसरा मेकॅनिक शोधायला लागायचा.

काका घरातली यंत्रं दुरुस्त करायचे. वॉशिंग मशीन, फ्रीज, मिक्सर, गीझर, इस्त्री, पंखा. ज्याला म्हणून प्लग असतो ते सगळं. हाताला यश होतं, जिभेला हाड नव्हतं. ती कसर काकूंनी भरून काढली असं सगळी गल्ली म्हणायची. काकूंना विचारलं तर त्या सांगायच्या, "माझ्या वडिलांनी स्थळाची नीट चौकशी केली नाही, दुसरं काय!" त्यावर काका पडद्यापलीकडून ओरडायचे, "केली होती चौकशी! त्यांचा रेडिओ मीच चालू करून दिला होता." आणि मग रेडिओ खरंच बिघडला होता की नुसता सेल संपला होता, यावर दोघांची जुंपायची.

काकूंची फोनवर बोलायची एक पद्धत होती, आणि सगळा धंदा त्या पद्धतीवर उभा होता. कुणी म्हणालं, "मशीन बिघडलंय," तर त्या म्हणायच्या, "असेल. आवाज कसा येतो ते सांगा."

"विचित्रच येतो हो."

"विचित्र म्हणजे कसा? तोंडानं काढून दाखवा बघू. लाजू नका, इथं मी एकटीच आहे."

मग भलीभली माणसं फोनवर घुरघुरायची, खडखडायची, शिट्ट्या मारायची. एका वकिलांनी तर पक्षकार समोर बसलेला असताना आपल्या मिक्सरचा आवाज काढून दाखवला होता. पक्षकार टिकला की उठून गेला ते कळलं नाही, मिक्सर मात्र त्याच दिवशी चालू झाला.

ऐकलेला आवाज काकू डोक्यात ठेवायच्या. लिहून ठेवायची त्यांना सवय नव्हती, आणि आवाज लिहिणार तरी कसा? काका जेवायला आत आले की ताट वाढता वाढता त्या एकेकाचं गाऱ्हाणं त्याच्याच यंत्राच्या आवाजात सादर करायच्या. गाल फुगवून, मान हलवून, अगदी साग्रसंगीत. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर या घरात जेवताना भांडणं होतात की काय, असं त्याला वाटलं असतं.

"वळणावरच्या इमारतीतलं वॉशिंग मशीन," त्या म्हणायच्या. "घुर्र, टक्. घुर्र, टक्. कपडे कमी असले की जास्त."

काका डोळे मिटून घास चावत राहायचे. "ड्रमखाली नाणं अडकलंय."

"नाणं नाही, बटण. नाण्याचा टक् जरा कडक असतो."

आणि तिथं बटणच निघायचं.

बाकीचे मेकॅनिक पोतंभर सामान घेऊन हिंडायचे, तरी हवा तोच पार्ट नेमका दुकानात राहिलेला असायचा. काकांच्या खांद्याला एवढीशी पिशवी. दोन पाने, पक्कड, टेस्टर आणि लागणारा तेवढा एकच पार्ट. दारात पाऊल टाकायच्या आधी बिघाड काय ते त्यांना माहीत असायचं. याचा त्यांना फार गर्व होता. त्यातला निम्मा गर्व खरं तर काकूंचा होता, पण तो वाटून घ्यावा असं त्यांच्या कधी मनात आलं नाही. नवऱ्यांच्या सहसा येत नाही.

अशाच एका दुपारी काकूंनी तीनचार आवाज सादर केले, काकांनी त्यांचे निकाल दिले, आणि ताटावरून उठणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अजून एक राहिलं."

"बोल."

"सूं... सूं... सूं..."

काकांनी डोळे मिटले. "परत काढ."

"सूं... सूं... सूं. असा थांबून थांबून, पण एकसारखा. उजवीकडून येतो, जरा मागच्या बाजूनं."

"दिवसभर?"

"असतो दिवसभर. पण रात्री सगळं निजलं की जास्त कळतो."

"फ्रीज," काका म्हणाले. उजवीकडे, मागे, खाली कॉम्प्रेसर असतो. शेंबडं पोरही सांगेल. "हात लावला तर थरथर लागते का?"

"हात लावून काही कळत नाही."

"बाकी नीट चालतंय ना?"

"बाकी सगळं व्यवस्थित आहे."

"मग काही झालेलं नाही. कॉम्प्रेसरखालचं रबर जुनं झालं असेल, नाहीतर फ्रीज भिंतीला टेकला असेल. जरा पुढे ओढून घ्या म्हणावं. असा फ्रीज वर्षानुवर्षं चालतो."

"म्हणजे काळजीचं नाही ना?"

"छे! कुणाचा आहे?"

"परत फोन आला की विचारते," असं म्हणत काकू ताट उचलून आत गेल्या. त्या दिवशी त्या खुशीत होत्या. मधला पडदा काढून त्यांनी धुतला, वाळत घालताना काहीतरी गुणगुणत होत्या. काकांनी पुढे एकदोनदा विचारलंही, "त्या सूं सूं फ्रीजचं काय झालं गं?" तर त्या म्हणाल्या, "ओढला असेल त्यांनी पुढे." विषय संपला. दुकानात बिघाडांना काय तोटा? एक गेला की दुसरा हजर.

काही काळानं काकू म्हणाल्या की फोन नीट ऐकू येत नाही. काकांनी फोन उघडला, आतली तार तपासली, काही दोष सापडला नाही तरी रिसीव्हर नवा बसवला. काकू आता तो डाव्या कानाला लावायच्या. "हा बरा आहे," त्या म्हणाल्या, आणि काकांनी आणखी एक काम फत्ते झालं म्हणून हात पुसले.

मग एकदा काका वॉशिंग मशीनचा पट्टा घेऊन एका घरी गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "आमचं वॉशिंग मशीन छान चाललंय. गीझर बिघडलाय."

"फोनवर तुम्ही पट्ट्याचा आवाज काढला होता."

"मी गीझरचा काढला होता. सुस्स करून. काकू म्हणाल्यासुद्धा, किती छान काढता म्हणून."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाची माफी मागितली. तिथून निघताना त्यांना वाटलं, होतं एखादे वेळी. एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या नावावर गेलं. पण पुढच्या आठवड्यात मिक्सरचा कार्बन घेऊन गेले ते पंख्याकडे, आणि पंख्याचं बेअरिंग घेऊन गेले ते अशा घरी, की तिथून फोनच आलेला नव्हता.

घरी येऊन त्यांनी चकार शब्द काढला नाही. बोललो तर ती फोनला हात लावणार नाही, हे एक कारण झालं. फोन गेला की त्या बाईचं निम्मं जग जाणार. पण खरं कारण वेगळं होतं. काका घाबरले होते. ही बाई आपल्या हातातून जाईल की काय, असं काहीतरी त्यांच्या पोटात येऊन बसलं होतं, आणि त्याकडे न बघण्यासाठी ते जिवाचं रान करत होते. यंत्राच्या बाबतीत जो माणूस पहिल्या खरखरीला पाना घेऊन उठायचा, तो इथं कानात बोळे घालून बसला.

आणि उपाय काय काढला? पिशवी मोठी केली. एकाच्या जागी सगळेच पार्ट बरोबर असले की चूक कुणाच्या लक्षात येणार? पिशवीचा थैला झाला, थैल्याची पेटी झाली. गल्लीतले विचारायचे, "काका, बिऱ्हाड हलवताय की काय?" काका म्हणायचे, "हल्लीची यंत्रं बेभरवशाची." त्यांचा उजवा खांदा दुखून दुखून खाली आला, पण काकूंचा एकही आवाज त्यांनी खोटा ठरू दिला नाही. "बटणच निघालं बघ," ते घरी येऊन सांगायचे. निघालेलं काहीतरी भलतंच असायचं.

घरातही तेच. इस्त्री चालू राहिली आणि टेबलावरची चादर जळाली, तेव्हा काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "मेली इस्त्रीच बिघडलीय."

"हो," काका म्हणाले, "थर्मोस्टॅट गेलाय तिचा." थर्मोस्टॅट धडधाकट होता. त्यांनी तरी तो बदलला, आणि इस्त्री थोड्या वेळानं आपोआप बंद होईल अशी सोय केली. मिक्सर रिकामा फिरून जळाला, तर दोष मोटरच्या वायंडिंगचा. किटलीतलं पाणी आटून बूड लाल झालं, तर दोष किटलीच्या पत्र्याचा. एकेक करून त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूला आपोआप बंद व्हायला शिकवलं. न्हाणीघरात धरायला दांडी लावली, कारण काकू आताशा भिंतीला हात टेकत चालायच्या. तिथं दोष फरशीचा. विसरणारं माणूस राहिलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही असं ते घर झालं, आणि एवढी कारागिरी काकांनी उभ्या जन्मात दुसऱ्या कुठल्या कामावर केली नसेल.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. रविवारी यायची, आईचा चेहरा न्याहाळायची. "बाबा, आई बरी आहे ना?"

"ठणठणीत! तिला काय धाड भरलीय?"

"मला एकच गोष्ट तीनदा विचारली तिनं."

"तू पहिल्या दोन वेळा नीट उत्तर दिलं नसशील," काका म्हणाले. लेक हसली आणि गेली. त्या हसण्यावर काकांनी पुढचे काही रविवार काढले.

मग एका सकाळी दुकानात त्यांना मागून धाडकन आवाज आला. पडदा बाजूला केला तर स्टूल आडवं, काकू जमिनीवर, आणि रिसीव्हर तारेला लोंबकळत होता. त्यातून कुणीतरी मनापासून "खर्र खर्र, खर्र खर्र" करत होतं. काकांनी आधी बायकोला उचलायचं सोडून रिसीव्हर उचलला आणि "थांबा हो!" म्हणून ते ओरडले. माणूस भांबावला की काय करेल ते सांगता येत नाही.

त्यानंतर लेकीनं कुणाचं ऐकलं नाही. तिनं आईला मोठ्या इस्पितळात नेलं, तपासण्या झाल्या, यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढले. काका त्या प्रचंड यंत्राकडे बघत बाहेर बसून राहिले. त्याची ठकठक ऐकून त्यांना सवयीनं वाटलं, आत काहीतरी सैल आहे याचं. पण विचारणार कुणाला?

डॉक्टर तरुण होते आणि सावकाश बोलायचे. त्यांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. उजव्या कानाच्या मागे, आतल्या बाजूला गाठ. तिचा दाब पडून डोक्यात पाणी साठत होतं. विसरणं, तोल जाणं, सगळं त्यामुळे.

"उजव्या कानानं कमी ऐकू येतं का, काकू?"

"उजव्यानं येतच नाही," काकू म्हणाल्या. काकांना नवा रिसीव्हर आठवला.

"कानात आवाज वगैरे यायचा?"

"यायचा की. अजून येतो."

"कसा?"

काकू एकदम सावरून बसल्या. दिवसभर त्यांना वार विचारला होता, शंभरातून सात वजा करायला सांगितले होते, चित्रातल्या वस्तूंची नावं विचारली होती, आणि प्रत्येक वेळी त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. हा एवढा एकच प्रश्न त्यांच्या हातचा होता. त्यांनी गाल जरासे आत घेतले आणि आवाज काढला.

"सूं... सूं... सूं..."

लेकीला हसू आलं. काकांना दुसऱ्या सूंलाच कळलं. ताटावर आपण कसे बसलो होतो, वाटीत काय होतं, काकूंनी पदर कसा खोचला होता, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. उजवीकडून, जरा मागच्या बाजूनं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ते रिमोट हरवणाऱ्या गिऱ्हाइकांना हसून म्हणायचे.

डॉक्टर सांगत होते, "अशी गाठ फार हळू वाढते. आधी आवाज, मग ऐकू येणं कमी, मग तोल. एवढी व्हायला वर्षं लागतात. नुसता आवाज होता तेव्हाच दाखवलं असतं तर ऑपरेशन लहान झालं असतं. आता करावं लागेल, पण धोका आहे. तुमच्यापासून लपवत नाही."

"आई!" लेक म्हणाली. "इतकी वर्षं कानात आवाज येतोय आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

काकू ओशाळल्या. "चुकलंच गं माझं. सांगायला हवं होतं."

काका खुर्चीत बसून होते. तिथल्या तिथं बोलायला हवं होतं, पण तोंड उघडेना. एरवी जिभेला हाड नसलेला माणूस, त्या दिवशी त्याची जीभ टाळ्याला चिकटली.

ऑपरेशनची तारीख ठरली. काकूंना आधीच भरती करून घेतलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लेक तेच सांगायची. मावशीला सांगितलं, आत्याला सांगितलं, शेजारणींना सांगितलं. "आईचा स्वभावच असा. कुणाला काही सांगायचं नाही, सगळं मनात." आणि काकू उशीवरून मान हलवायच्या, "माझंच चुकलं." प्रत्येक वेळी काका खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे. लेक रागानं बोलत नव्हती. भीतीनं बोलत होती. पण जिनं सांगितलं होतं तीच बिचारी न सांगितल्याचा दोष डोक्यावर घेऊन मरणाच्या दारात निजली होती. हे काकांना सोसेना. ती आपल्याला शिव्या देईल तर बरं, लेक तोंड बघणार नाही म्हणाली तरी बरं, पण हे नको.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी खोलीत तिघंच होती. लेक आईच्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि पुन्हा तेच म्हणाली.

"आई बोलली होती," काका म्हणाले.

"काय?"

"तो आवाज. मला काढून दाखवला होता तिनं. मी जेवत होतो. मी म्हटलं, फ्रीज असेल. म्हटलं, असा फ्रीज वर्षानुवर्षं चालतो."

लेकीच्या हातातली घडी तशीच राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, कुणाचं तरी गाऱ्हाणं आहे. ती सगळ्यांचं तसंच सांगते ना. 'काळजीचं नाही ना' म्हणून तिनं विचारलंसुद्धा. मी म्हटलं, छे. तिचं नाही चुकलं. ती सांगून मोकळी झाली होती."

लेक आईकडे वळली. "आई, खरं का हे?"

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता आलं नव्हतं. नर्सला त्या आपली नणंद समजून 'कधी आलीस' म्हणून विचारत होत्या. त्यांनी आधी काकांकडे पाहिलं. त्यांच्या उतरलेल्या खांद्याकडे, ओल्या डोळ्यांकडे. मग त्या चक्क वैतागल्या.

"ह्यांचं काय ऐकतेस! अगं, तो फ्रीज होता. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर शिक्षिकाबाई राहतात बघ, एकट्या, त्यांचा. सूं सूं करायचा. ह्यांनी सांगितलं, पुढे ओढा. त्यांनी ओढला आणि आवाज बंद. त्यांचा फोन आला ना मला, फार खूश होत्या. माझा आवाज निराळा. तो मागाहून सुरू झाला. मीच बोलले नाही."

एवढं सलग त्या कितीतरी महिन्यांत बोलल्या नव्हत्या. लेकीनं सुटकेचा श्वास सोडला. "बाबा, तुम्ही पण ना! उगाच स्वतःला लावून घेता." तिनं उठून वडिलांच्या पाठीवरून हात फिरवला. काकू दमून डोळे मिटून पडल्या.

काकांनी त्या बोलण्याला बुडत्यासारखी मिठी मारली. शिक्षिकाबाईंचा फ्रीज. असेलच की. इमारत खरी, बाई खऱ्या, तळमजला खरा. मग आवाज तरी खोटा कशाला असेल? आवाजाच्या बाबतीत ही बाई कधी चुकली होती? मधल्या चुका काका सोयीस्कर विसरले. त्या संध्याकाळी किती दिवसांनी ते पोटभर जेवले.

काकू ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या नाहीत. काही दिवस यंत्रांनी त्यांचा श्वास चालू ठेवला. काका काचेबाहेर उभे राहून त्या यंत्रांकडे बघायचे. ती उत्तम चालली होती, त्यांच्यात काही दोष नव्हता. मग एका सकाळी डॉक्टरांनी लेकीला बाजूला बोलावलं.

माणसं आली, रडली, गेली. लेक म्हणाली, "माझ्याकडे चला." काका म्हणाले, "बघू." ती गेल्यावर घरात फक्त फोन वाजायचा. काका तो वाजू द्यायचे. यंत्रं दुरुस्त करायला हात उठत नव्हता, पण एक गोष्ट मात्र त्यांना गप्प बसू देईना. शिक्षिकाबाईंचा फ्रीज. एकदा त्या बाईंच्या तोंडून ऐकलं की झालं, मग निदान एवढं एक ओझं उतरेल, असं त्यांना वाटत होतं. शेवटी एका सकाळी चपला घालून, हातात काही न घेता, ते समोरच्या इमारतीत गेले.

शिक्षिकाबाईंनी दार उघडलं. "काका! या, आत या. फार वाईट झालं हो. गल्लीचा जीवच गेला."

"तुमच्या फ्रीजचं विचारायला आलो होतो," काका उभ्या उभ्याच म्हणाले. "मागे कधीतरी तुमचा फोन आला होता म्हणे. आवाज येतो म्हणून. सूं सूं असा."

बाईंनी आठवून पाहिलं. भल्या बाई; समोरच्याला नाही म्हणायचं जिवावर येई त्यांच्या. "केला असेन हो. आता काही आठवत नाही. तुम्ही म्हणताय म्हणजे केला असेन."

"जरा बघू का?"

स्वयंपाकघर छोटं, स्वच्छ. फ्रीज ओट्याच्या आणि भिंतीच्या मधल्या खोबणीत बसवलेला. काकांनी कान लावला. फ्रीज जुना होता, पण मांजर निजावं तसा शांत चालला होता. ठीक आहे, त्यांना वाटलं, पुढे ओढल्यावर बंद झाला होताच. मग ते सवयीनं खाली वाकले, कारण ओढलेल्या फ्रीजचे पाय फरशीवर ओरखडे ठेवतात.

ओरखडे नव्हते. पायांपुढे, ओट्यापासून भिंतीपर्यंत, एक लाकडी पट्टी ठोकलेली होती. तिच्यावर रंगाचे थरावर थर, खिळ्यांची डोकीसुद्धा रंगानं बुजलेली. ती उखडल्याशिवाय फ्रीज बोटभरही पुढे आला नसता.

"ही पट्टी कधीची?"

"ती? घर घेतलं तेव्हाची. उंदीर शिरू नयेत म्हणून आमच्या ह्यांनी ठोकलेली. त्यानंतर फ्रीज काही हलवला नाही. का हो? आत काही बिघाड आहे का?"

काका उकिडवेच बसून राहिले. जिला सकाळचं खाणं आठवत नव्हतं, तिनं त्या दुपारी आपल्या विस्कटलेल्या डोक्यातून एक घर शोधून काढलं होतं, त्यात एक बाई आणि एक फ्रीज उभा केला होता, त्याला आवाज दिला होता, उपाय केला होता, आणि वर आभाराचा फोनही करवला होता. लेकीसमोर नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. मरणाआधीच्या दिवसांतलं सगळं बळ तिनं तिथं खर्च केलं, आणि ते आपण जेवणाबरोबर गिळून टाकलं.

"नाही," काका म्हणाले. "उत्तम चाललाय." ते उठायला गेले, फ्रीजला हात टेकला, आणि त्या परक्या स्वयंपाकघरात त्यांना हुंदका फुटला. बायको गेल्यापासून ते रडले नव्हते, आता आवरेना. शिक्षिकाबाईंनी घाईघाईनं खुर्ची पुढे केली, पण त्यांना बसताही येत नव्हतं.